बाण्याला घर शोधताना

शेळ्या, कोंबड्या, कर्जाचे हप्ते, पोरींची शिक्षणं यावर या केंद्रावरून आपण पुष्कळ बोलतो. आज मी कुत्र्यावर बोलणार आहे. हसू नका. आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा पहिली दहा मिनिटं हसण्यातच गेली, आणि मग एकेक जण सांगायला लागली. एकीच्या बांधावर कुणी तरी पोत्यात घालून तीन पिल्लं टाकली होती. एकीच्या रानाशेजारी ऊसतोडीची टोळी उतरली होती. हंगाम संपला, कोपी मोडल्या, बैलगाड्या गेल्या आणि कुत्री तेवढी मागं राहिली. पिल्लांचं एक बरं असतं. पिल्लू दिसायला गोड, त्याला कुणी ना कुणी उचलतंच. पण वर्षाच्या आतबाहेरचं, अंगानं मोठं, उंच, दांडगं कुत्रं घ्यायला कुणी तयार होत नाही. माझ्याकडे असंच एक आलं होतं. त्याला घर मिळेपर्यंत चार महिने गेले आणि त्यात माझ्या दोन चुका झाल्या. त्या चुका सांगायलाच मी आले आहे.

पौषात आम्ही गटातल्या बाया टेम्पो करून पालीच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो होतो. परत येताना औंधच्या पुढं चहाला थांबलो. रस्त्याच्या कडेला बाभळीला एक कुत्रं बांधलेलं. नायलॉनची दोरी, इतकी आखूड की खाली बसता येईना. गळ्याला कातडी सोलून आत रुतलेली. चहावाला म्हणाला, काल सकाळपासून आहे, एक जीप थांबली होती, बांधून गेली. खंडोबाच्या तसबिरीत घोड्याच्या पायाशी कुत्रं असतं, ते आम्ही नुकतंच हात जोडून पाहून आलो होतो. आता हे बघून न बघितल्यासारखं कसं करणार? मी पाणी दिलं, बरोबरची पोळी दिली. पोळी त्यानं बोटासकट घेतली असती. दोरी कापली आणि टेम्पोत घेतलं. निम्म्या बाया माझ्यावर चिडल्या होत्या, हेही सांगते.

घरी आल्यावर आमचे मालक म्हणाले, हे कारवानी आहे. लांब पाय, पोट आत गेलेलं, छाती खोल, तोंड निमुळतं. आपल्याकडे माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात आणि पलीकडे विजापूर, मुधोळपर्यंत ही कुत्री फार जुनी. मुधोळ म्हणतात तेही याच कुळीतलं. २००५ साली सरकारनं त्याचं टपाल तिकीट काढलं आणि लष्करानंही ती शिकवायला घेतली. आमच्याकडं आलेला अगदी अस्सल होता की नाही, कोण जाणे, थोडी भेसळ असावी. पण धावण्यात भेसळ नव्हती. पोरांनी त्याचं नाव ठेवलं बाण्या.

अशी कुत्री रस्त्यावर का येतात? लोक पिल्लू आणतात ते ससे धरायला नाहीतर शर्यतीला. ससा मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पण ते आडरानात कोण बघतं? मग पिल्लू पळण्यात कमी पडलं, किंवा त्यानं शेजारच्या कोंबड्या खाल्ल्या, की त्याला लांब नेऊन सोडायचं. सोडणं हाही गुन्हाच. १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्यात जनावर टाकून देणं येतं, आणि फार आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणंही येतं. दंड किती? पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये. एक किलो साखर घेतली तर तेवढे जातात.

आता आमच्या घरातलं सांगते. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, कुत्र्याला पदर लागू देत नाहीत. लोकांना वाटतं सोवळं आहे. सोवळं नाही. त्या सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या धाकट्या भावाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. झाडपाला बांधला, एका बाबाकडून उतरवून घेतलं, जखम भरली. दीड-दोन महिन्यांनी पोर पाण्याला भ्यायला लागलं. पुढचं त्या सांगत नाहीत. इतकंच म्हणतात, की आईनं मला शेजारी नेऊन ठेवलं होतं, तरी आवाज येत होता. त्यामुळं मी बाण्याला दारात उतरवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आणि तिसऱ्याच दिवशी नको ते घडलं. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, सहा वर्षांचा, त्यानं बाण्यासमोरची भाकरी गंमत म्हणून ओढली. बाण्यानं झडप घातली, दात हाताला घासला. रक्त म्हणाल तर दोन थेंब. बाण्या उपाशी राहिलेलं जनावर, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. जेवणाऱ्या कुत्र्यापाशी पोराला जाऊ देणं ही चूक माझी होती. मी पोराचा हात नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटं धूत राहिले. जाऊबाई हळद आणायला धावल्या, मी आणू दिली नाही. हळद, चुना, तिखट, तेल, काही लावायचं नाही. नुसतं वाहतं पाणी आणि साबण. तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. त्या दिवशी एक, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही चुकवली नाही. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेतच आणखी एक औषध टोचतात, त्यासाठी मोठ्या दवाखान्यात पाठवतील. तिथं जायला आळस करायचा नाही. नुसतं ओरखडलंय म्हणून घरी बसायचं नाही. हा रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही, आणि दिसायच्या आधी टोचून घेतलं तर वाचतो.

दवाखान्यातून आल्यावर दीर म्हणाले, वहिनी, उद्याच्या उद्या त्याला खंबाटकीच्या पलीकडं सोडून येतो. त्यांच्या लेकराचा प्रश्न होता, त्यांना मी काय बोलणार? मी एवढंच म्हणाले, भाऊजी, दहा दिवस थांबा. चावलेलं कुत्रं दहा दिवस डोळ्यासमोर ठेवायचं असतं. ते धडधाकट राहिलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असं कळतं. सोडून दिलं तर आपल्याला कसं कळणार? हे दिरांना पटलं. दहा दिवस बाण्या गोठ्याच्या मागं लांब दोरीवर राहिला, मी एकटीच त्याला खायला घालायची. अकराव्या दिवशी तो ठणठणीत होता. पण घरात ठरलं ते ठरलं. पोराची भीती गेली नव्हती, आणि तोवर दोरी सुटून त्यानं जाऊबाईंच्या दोन कोंबड्या उडवल्या होत्या. त्याला दुसरं घर बघायचं होतं.

त्या दहा दिवसांत मी एक काम केलं. १९६२ या नंबरला फोन लावला. सरकारचा फिरता पशुवैद्यकीय दवाखाना, तो आपण गायी-म्हशींसाठी बोलावतो. आमच्या डॉक्टरांनी बाण्याचे दात पाहिले. पक्के दात सगळे आलेले, पांढरे स्वच्छ, झिजलेले नाहीत. म्हणाले, वर्षाच्या आतलं आहे. मला धक्काच बसला. खांद्याला सव्वादोन फूट उंच, आणि वर्षाचंही नाही! डॉक्टर हसले. म्हणाले, ताई, हे सोळा-सतरा वर्षांच्या पोरासारखं आहे. अंग बापाएवढं, अक्कल अजून यायची आहे. ते वाक्य पुढं मला फार उपयोगी पडलं. बाण्या दांडगाई करायचा, उड्या मारायचा, चपला फाडायचा, दोरी ओढून हात सोलून काढायचा, ते वाईटपणानं नाही. त्याला पळायला हवं होतं आणि तो बांधलेला होता. सकाळी आमचे मालक त्याला ओढ्याच्या वाळूत लांब दोरीवर तासभर पळवायला लागले, तेव्हापासून चपला वाचल्या.

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, पिसाळण्यावरची लस टोचली, महिन्यानं दुसरी आणि मग दर वर्षी एक असं सांगितलं. दुसरी एक लस कुत्र्यांच्या इतर रोगांवरची, तीही दिली. गळ्याच्या जखमेला मलम. गोचीड फार होते. मी विचारलं, गायीला लावतो ते औषध लावू का? ते म्हणाले, मुळीच नको. गायीचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावून कुत्री मरतात, त्याच्या मापाचं वेगळं मिळतं. आणखी एक सांगितलं, ते आपल्या भागातल्या प्रत्येकीनं ऐकावं असं आहे. बकरं कापलं की कच्चं काळीज, फुप्फुस, आतडी आपण कुत्र्यापुढं टाकतो. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक जंत होतो, त्याची अंडी विष्ठेतून हातावर, भाजीवर येतात आणि माणसाच्या काळजात पाण्याची गाठ धरते. टाकायचंच असेल तर चांगलं शिजवून टाका.

आता पहिली चूक. आमच्या मालकांच्या ओळखीतून तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा निरोप आला. राखणीला मोठं कुत्रं हवं आहे. मी आनंदानं उडालेच. मोठी बाग, रानात बंगला, दुधाला कमी नाही. त्यांनी विचारलं, भुंकतो का? मी म्हणाले, भुंकतो की. खरं तर कारवानी कुत्रं भुंकण्यात फार पुढं नसतं, परक्याला बघून ते मागं सरकतं. पण मला बंगला दिसत होता ना! मीही त्यांना काही विचारलं नाही. बाण्याला पोचवून आले, येताना घमेलंभर द्राक्षं मिळाली, ती गटात वाटली.

पंधरा दिवसांनी विट्याला काम होतं, तशीच पुढं गेले. बाण्या बेदाण्याच्या शेडपाशी पत्र्याखाली होता. साखळी हातभर. दिवसरात्र तिथंच. ज्या ठिकाणी खायचं त्याच ठिकाणी बाकीचं सगळं. मला बघून उठला आणि साखळीनं मागं पडला. मालक माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. म्हणाले, ताई, सोडलं की मजुरांच्या मागं पळतंय, शेजारच्या शेळ्यांमागं पळतंय, आणि रात्री चोर आला तरी भुंकायचं नाही. त्यांना चार पायांची घंटा हवी होती, मी त्यांना पळणारं कुत्रं दिलं होतं. शेडवरचा पोरगा म्हणाला, मधे दोन दिवस उलट्या करत होतं. समोर बेदाणे वाळत पडलेले. घरी येऊन डॉक्टरांना फोन केला, तेव्हा कळलं की द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत, मूत्रपिंड जातं. कुणाला दोन-चार दाण्यांनी होतं, कुणाला मूठभरानंही होत नाही, आधी सांगता येत नाही. तासगाव, पलूस, मिरजेकडच्या बायांनो, हे लक्षात ठेवा. तुमच्याकडं तर कुत्री शेडातच असतात.

मी घरी आले ती रडत. बाण्याला तिथंच ठेवून आले होते, कारण घरात त्याला जागा नव्हती. संध्याकाळी आत्याबाईंनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, आण त्याला परत. बांधून बांधून त्याला डसायला शिकवतील, आणि मग ते कुणाच्या तरी लेकराला डसेल. ही गोष्ट त्यांनी भीतीपोटी म्हटली की दयेपोटी, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आमचे मालक आणि दीर दोघंही जाऊन बाण्याला घेऊन आले. हो, दीरसुद्धा.

दुसरी चूक जरा वेगळी होती. साताऱ्यात नोकरी करणारं एक तरुण जोडपं. दोघं फार मायाळू. फोटो बघितला आणि प्रेमातच पडले. या वेळी मी शहाणी झाले होते, बाण्याचे सगळे गुण-अवगुण सांगितले. साखळी नको म्हणून सांगितलं. ते सगळ्याला हो म्हणाले. पण त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या, आणि दोघं सकाळी नऊला बाहेर पडून सहाला येणारे. हे मला माहीत होतं आणि तरी मी दिलं, कारण माणसं चांगली होती. नवव्या दिवशी पोरीचा फोन आला. ती रडत होती. दिवसभर कोंडलेल्या बाण्यानं दार कुरतडलं होतं, खालच्या बिऱ्हाडानं तक्रार केली होती, आणि जिन्यात त्यानं एका म्हाताऱ्या बाईला धक्का दिला होता. नशीब, कठड्याला धरून वाचल्या. मी तिला म्हणाले, बाळ, तू लवकर फोन केलास हे फार बरं केलंस. आणि ते मनापासून म्हणाले. लाजेनं न सांगता त्यांनी त्याला यवतेश्वरच्या घाटात सोडलं असतं तर? त्यांची माया कमी पडली नव्हती, जागा आणि वेळ कमी पडला होता. त्या पोरीनं पुढं एक शांत, म्हातारं कुत्रं सांभाळायला घेतलं. ते दिवसभर झोपतं आणि तिघंही सुखात आहेत.

तोवर बाण्या तिसऱ्यांदा आमच्या गोठ्यामागं आला होता. आता मी बसून नीट विचार केला. आपण पोरीचं स्थळ बघतो तेव्हा काय काय विचारतो! नुसता बंगला बघून देत नाही. मग बाण्याच्या वेळीच मी आंधळी का झाले? मनातून मला त्याला लवकर उजवून टाकायचं होतं, दुसरं काय.

मग मी माणसांना विचारायला लागले. पहिला प्रश्न, तुमचं आधीचं कुत्रं कसं गेलं? या एका प्रश्नात निम्मं कळतं. एक जण म्हणाले, आमची तीन कुत्री झाली, तिन्ही गाडीखाली गेली. मी त्यांना चौथं दिलं नाही. एक जण म्हणाले, सोळा वर्षांचं होऊन मेलं, आंब्याखाली पुरलंय. त्यांच्याकडं मी लगेच दिलं असतं, पण त्यांना लहान कुत्रं हवं होतं. दुसरा प्रश्न, रात्री कुठं झोपेल? तिसरा, त्याला भाकरी कोण घालणार? हा मी मुद्दाम विचारते. कुत्रं हौसेनं आणतो पुरुष आणि सांभाळते बाई. म्हणून मी घरातल्या बाईशी बोलल्याशिवाय आता पुढं जात नाही. तिच्या तोंडावर कळतं. एका घरी सगळे हो म्हणत होते आणि ती माऊली चुलीपाशी बसून मान खाली घालून भाकरी थापत होती. मी चहा घेतला आणि निघून आले.

आणि खस्सी करायचं ठरवलं. आमच्याकडं पुरुषांना हे आवडत नाही, का ते तुम्हाला माहीत आहे. म्हणतात कुत्रं मवाळ होतं, राखण करत नाही. डॉक्टर म्हणाले, राखण तशीच राहते, फक्त माद्यांमागं चार-चार गावं भटकणं आणि भांडणं कमी होतात. आणि जो माणूस पिल्लं विकण्यासाठी कुत्रं मागतो तो आपोआप गळतो, हा माझ्या मते मोठाच फायदा. खर्चाचा प्रश्न आला. मी गटात विषय काढला, तर आमच्या सचिवबाई म्हणाल्या, गटाचा पैसा कुत्र्यावर नाही. त्यांचं बरोबरच होतं, तो पैसा कर्जाचा आहे. मग ज्यांना द्यायचे त्यांनी आपापले पन्नास-शंभर दिले, आणि पहिले शंभर सचिवबाईंनीच ठेवले. तुमच्याकडं सोय नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सांगलीकडं अ‍ॅनिमल राहत ही संस्था आहे, ती २००३ पासून कारखान्यावरच्या बैलांसाठी काम करते, आणि विहिरीत पडलेली, जखमी झालेली इतर जनावरंही ती माणसं काढतात. त्यांनी सगळं करावं असं मी म्हणत नाही, पण विचारायला काय जातं?

तिसरं स्थळ आलं ते आटपाडी तालुक्यातून. एका गटाच्या मेळाव्यात मी बाण्याबद्दल बोलले होते, तिथली एक विधवा ताई. वस्तीवर घर, शेजार लांब, चार एकर माळ, बारा शेळ्या. लहान पोरं नाहीत, मुलगा कॉलेजात, घरी म्हातारे सासरे. ते उभी हयात मेंढरांमागं फिरलेले, आता गुडघ्यांमुळं घरी. मला शेळ्यांची धास्ती होती, ते मी आधीच सांगितलं. ती म्हणाली, गुण नका सांगू ताई, गुण मला दिसतील. काय काय वाईट करतो ते सांगा. तेव्हाच माझ्या मनात हो झालं होतं. मी सगळं सांगितलं. पोराला दात लागला तो, कोंबड्या, चपला, साताऱ्याचं दार, जिन्यातल्या आजी. जेवताना जवळ कुणी आलेलं खपत नाही. दाढीवाल्या माणसाला भितो, का ते देव जाणे. विजा चमकल्या की कणगीमागं घुसतो. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, सासऱ्यांना घेऊन येते.

रविवारी ती दोघं आली. आबांनी बाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, जवळ या की. त्यांनी हातानं गप्प राहायला सांगितलं. गोठ्याच्या मागं बाण्यापासून दहा हातांवर, त्याच्याकडं पाठ करून जमिनीवर बसले. तंबाखू मळली. माझ्या मालकांशी पावसाच्या गप्पा काढल्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. बाण्या आधी उभा राहून बघत होता, मग बसला, मग हळूच सरकत आला आणि त्यांच्या पाठीचा वास घेतला. आबा तरी वळले नाहीत. शेवटी त्यानं त्यांच्या मांडीशेजारी अंग टाकलं, तेव्हा त्यांनी नुसता हात खाली सोडला. म्हणाले, हे कुत्रं घाबरट आहे, वाईट नाही. घाबरट कुत्र्याच्या डोक्यावर वरनं हात न्यायचा नाही. आमच्या घरातली सगळी माणसं चार महिने वरूनच हात नेत होती.

तरी लगेच दिलं नाही. ती आणखी दोनदा येऊन गेली, एकदा मी तिची वस्ती बघून आले. मग साध्या कागदावर लिहिलं. पंधरा दिवस बघायचं, जमलं नाही तर माझ्याकडंच परत, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, कायम बांधून ठेवायचं नाही, वर्षाची लस चुकवायची नाही. दोघींच्या सह्या. कोर्टात तो कागद चालेल का, मला माहीत नाही आणि त्याची गरजही पडली नाही. लिहिलं की बोलणं पक्कं होतं, हे आपल्याला गटाच्या वहीमुळं माहीतच आहे.

शेळ्यांचं आबांनी कसं केलं ते सांगते. पहिला महिना बाण्या शेळ्यांबरोबर रोज, पण लांब दोरी आबांच्या कमरेला. शेळी पळाली, बाण्यानं कान टवकारले, की आबा त्याला हाक मारून दुसरीकडं वळवायचे आणि वळला की भाकरीचा तुकडा. मारलं एकदाही नाही. दोरीशिवाय शेळ्यांत एकटा सोडला नाही. आजही सोडत नाहीत. आबा म्हणतात, रक्तात पळणं आहे ते काढून टाकता येत नाही, वळवता येतं. पहाटे शेळ्या गोठ्यात असताना मुलगा त्याला माळावर मोकळा पळवतो. मोकळं पळवायचं ते खायच्या आधी, खाल्ल्यावर नाही. खोल छातीच्या कुत्र्याचं भरल्या पोटी पळताना पोट पिळलं जातं आणि ते जिवावर बेतू शकतं. खायला दोन वेळा, बाजरीची भाकरी, ताक, आणि दिवसाआड अंडं. नुसत्या भाकरीवर वाढतं कुत्रं पोसत नाही.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला, ती म्हणाली, खात नाही, कोपऱ्यात बसलाय. मला रात्रभर झोप नाही. दहाव्या दिवशी म्हणाली, माझी एक चप्पल गेली. तेव्हा मला झोप लागली.

दिवाळीच्या आधी आम्ही सगळे त्याला बघून आलो. दिरांचा पोरगाही. त्यानं आबांसारखी पाठ केली आणि जमिनीवर बसून राहिला, बराच वेळ. आत्याबाई गाडीतून उतरल्या नाहीत. पण निघताना त्यांनी पदराखालून कागदाची पुडी काढली आणि ताईच्या हातात दिली. उकडलेली दोन अंडी होती. म्हणाल्या, लांबनं टाक त्याला.

आता एक काम आहे म्हणून मुद्दाम वेळ मागून घेतला आहे. आमच्या गटातल्या एकीच्या शेडात सध्या एक कुत्री आहे. म्हसवडच्या बाजाराजवळ सापडली. दीड वर्षाची असावी, रंग काळा, डाव्या कानाला चीर, अंगानं मोठी. लस झालेली आहे, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनही झालेलं आहे. तिचे अवगुण असे. मांजर दिसू देत नाही. एकटी राहिली की रात्री विव्हळते. दुधाचं पातेलं झाकलेलं असलं तरी उघडते. मोटारसायकलीमागं धावते, म्हणून रस्त्याकडेचं घर नको. दुसऱ्या कुत्र्याशी पटतं, उलट दुसरं कुत्रं असेल तर रात्री गप्प राहते. पोरांशी चांगली आहे, पण आम्ही तिला पोरांबरोबर तीनच आठवडे पाहिली आहे, तेवढंच सांगू शकतो. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी केंद्रावर निरोप ठेवावा, आणि घरातल्या ज्या बाईला तिला भाकरी घालावी लागणार आहे, तिला बरोबर घेऊन यावं.